आधी गाव, मग सातबारा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ग्रामसभेत तुला धड बोलू दिलं नाही, मागून कुणीतरी "संस्थावाले आले, आता रान जाणार" म्हणालं, आणि परतीच्या एसटीत तू ठरवून टाकलंस की आता लोकांच्या मागे लागायचं नाही. देणगीदार तयार आहेत, मालक विकायला तयार आहे, तर रान विकत घ्यायचं, कुंपण घालायचं, राखणदार ठेवायचा. तुझ्या तळमळीबद्दल मी काही लिहीत नाही. ती नसती तर तू एवढं लांबलचक पत्र लिहिलंच नसतंस. मुद्द्याचं लिहिते. आधी गाव, मग सातबारा. हा क्रम उलटा केलास तर जमीन नावावर होईलही, पण रान राहणार नाही.

तू अमेरिकेतल्या लँड ट्रस्टचा, म्हणजे जमीन राखणाऱ्या संस्थांचा, दाखला दिला आहेस. दाखला चांगला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली अशी संस्था उभी राहिली आणि तिच्या मागून अनेक झाल्या. तिथे मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, फक्त तिच्यावर बांधकाम करायचा हक्क कायमचा सोडून देतो. पुढे ती कुणीही विकत घेतली तरी त्याला ते बंधन पाळावं लागतं. आपल्याकडे हे हत्यार नाही. आपला सुविधाधिकाराचा कायदा १८८२चा. त्यातला हक्क एका जमिनीच्या मालकाला दुसऱ्या जमिनीवर मिळतो, जायची वाट म्हणून, पाण्याचा पाट म्हणून. बाहेरून येऊन रान राखू म्हणणाऱ्या संस्थेसाठी तो नाही. म्हणजे आज मालकाने तुझ्याशी साधा करार केला, तरी उद्या जमीन विकली गेली की नवा मालक म्हणणार, मी कुठे सही केली होती? त्याला अडवणारं कोण असतं? वाडी असते. दुसरं कुणी नाही.

खरेदीचं तर बोलूच नकोस. कुळकायद्याचं ६३वं कलम वाचलंस का? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. कोकणातलं बरंचसं खासगी रान कागदावर वरकस, म्हणजे भातशेतीला जोडून असलेली डोंगरउताराची जमीन, म्हणून लागलेलं आहे, म्हणजे शेतजमीनच. तुझा ट्रस्ट शेतकरी नाही. एखाद्या शेतकरी विश्वस्ताच्या नावावर घेऊ, असं तुला कुणीतरी सुचवलंय, ते मनातून काढून टाक. ती जमीन त्याची होईल, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलांची.

आणि "मालक तयार आहे" म्हणजे कोणता मालक? सातबारा नीट वाच. वरती आजोबांचं नाव, खाली मुलगे, सुना, लग्न होऊन गेलेल्या मुली, त्यातले दोघे मयत आणि वारसनोंद झालेली नाही, तिघे डोंबिवली-विरारला. इतर हक्कांच्या रकान्यात कुणाची तरी जुनी कुळाची नोंद. तुझ्याशी चहा पीत बोलला तो या सगळ्यांपैकी एक. बाकीच्यांना या व्यवहाराचा पत्ताही नसेल.

आता त्या सभेतल्या माणसाबद्दल. त्याचा राग तुझ्यावर नव्हता, हे तुला कळायला हवं होतं. ३० ऑगस्ट १९७५ला खासगी वनांच्या कायद्याने खासगी रानं सरकारजमा झाली. किती तरी घरांना हे पुढे केव्हातरी सातबारावर शेरा पाहून कळलं. बापजाद्यांनी राखलेलं रान होतं, राखलं म्हणून ते वन ठरलं आणि वन ठरलं म्हणून गेलं. ज्यांनी आधीच तोडून साफ केलं होतं, त्यांचं वाचलं. ही गोष्ट त्या माणसाने घरात ऐकलेली आहे. तू नकाशा पसरून हद्दी दाखवायला लागलीस तेव्हा त्याला दुसरं काय दिसणार होतं? आधी त्याच्या ओटीवर जाऊन बसायचं होतं. नकाशा पुढच्या वर्षी दाखवला असतास तरी चाललं असतं.

मला एक रान लोक अजून ऐकवतात. सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, खालच्या अंगाला होतं. ऐन, किंजळ, आणि मध्ये बेहड्याची जुनी झाडं, त्यांतल्या एकावर ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, ढोली. एका हितचिंतकाने खरेदीची सगळी रक्कम देऊ केली. खालची वाडी राजी नव्हती. तिची गुरं त्या रानातून जायची, पिण्याच्या पाण्याचा झरा तिथला, सरणाचं लाकूडही तिथलंच. मी पैसे घेतले नाहीत. वाडी तयार होईपर्यंत थांबू म्हटलं. मालकाच्या घरी लग्न निघालं, त्याने तोड विकली, आणि पावसाळ्याच्या आत रान उतरलं. तो बेहडा आडवा पडला होता तेव्हा ढोलीचं तोंड तसंच लिंपलेलं होतं. मादी पिलांसाठी स्वतःला आत कोंडून घेते, बारीक फट तेवढी ठेवते, तुला ठाऊक आहे.

पैसे घेतले असते तर ते रान आज उभं असतं, असं माझेच सहकारी म्हणाले. एक जण संस्था सोडून गेला. त्या रानाची हळहळ मला जन्मभर राहील. पण तो पैसा आज पुन्हा समोर आला तरी मी नाहीच म्हणेन. झऱ्यावर जाणाऱ्या बायकांना मी फाटकात अडवणार होते का? मार्चमध्ये गवत वाळतं तेव्हा वणवा लावायला एक माणूस पुरतो आणि विझवायला अख्खी वाडी लागते. वाडी घरात बसून राहिली तर राखणदार काय करणार? कुंपणामागे बसून मी ते रान जळताना पाहिलं असतं, आणि पुढच्या गावात मला कुणी दारात उभं केलं नसतं. लोकांना हे पटत नाही. नाही पटलं तरी चालेल.

जिथे कागद पक्का होता तिथेही मी हेच पाहिलंय. देवराईचं बघ. काही ठिकाणी सातबारावर देवाचं नाव लागलेलं असतं. देवाचा कौल घेतल्याशिवाय वाळकी काठी उचलायची नाही, असा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. मग मुंबईच्या मंडळाने जीर्णोद्धार काढला, स्लॅबचा सभामंडप हवा झाला, गाडी देवळापर्यंत यायला हवी झाली, आणि गावाने आपल्याच हातांनी जुनी झाडं पाडली. देवाचं नाव होतं तिथेच होतं. आणि दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याची रानजायफळाची पाणथळ राई बघ. गावाने देवाची म्हणून ती राखली, म्हणून शिल्लक राहिली. तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला तो त्यानंतर.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुला तोंडपाठ असेल. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. सगळे या तारखा सांगतात. वनहक्काचा कायदा २००६चा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा, अभ्यासगट, सर्वांची सहमती झाल्याशिवाय निर्णय नाही हा नियम, हे सगळं त्याच्या कितीतरी आधीचं. कायदा आला तेव्हा गाव तयार बसलेलं होतं. आधी गाव. किती वेळा लिहू?

मग करायचं काय, ते सांगते. सभा गावाच्या सवडीने घ्यायची, रात्रीची जेवणं झाल्यावर. मोठी सभा गणपतीत किंवा शिमग्याला, कारण तेव्हाच चाकरमानी घरी असतात आणि सह्या करणारे हात तेच असतात. बायकांना वेगळं भेट, रानात रोज त्या जातात. करारात काय बंद होणार ते शेवटी लिही, काय चालू राहणार ते आधी लिही: झऱ्याची वाट, गवत, वाळकं लाकूड, सरणाचं लाकूड, मध, हिरडा-बेहडा. बेहड्याच्या फळांना औषधांच्या व्यापारात मागणी असते. संगमेश्वरच्या बाजूला फळं नीट गोळा करून विकण्यातून जुनी झाडं उभी राहिली आहेत, तिथे जाऊन बघून ये. मालकाला पैसे एकरकमी देऊ नकोस, वर्षाला दे, कारण तोडीचा ठेकेदार पुन्हा येणारच असतो. वणवा अडवायचे जाळपट्टे थंडी सरता सरता वाडीतल्या माणसांकडूनच काढून घे, रोख मजुरी देऊन. ज्याने पट्टा काढला तो वणव्याला धावतो.

कागदाच्या मी विरुद्ध नाही. गाव तयार झालं की वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आलेलं समुदाय राखीव क्षेत्र आहे. ते खासगी आणि सामूहिक जमिनीवरही होतं, आणि एकदा झालं की शासनाच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. पुढेमागे ट्रस्टच्या नावावर खरंच काही जमीन आली, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विश्वस्तांनाही विकता येत नाही. तेही बरंच आहे, कारण विश्वस्तही बदलतात.

दोन वर्षांत निकाल दाखवायचा आहे म्हणतेस. देणगीदारांना आजच लिही की दोन वर्षांत एकही एकर नावावर होणार नाही. त्यावर जे राहतील त्यांच्याबरोबर काम कर. मधल्या काळात मालकाने तोड विकली तर? विकू शकतो. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून तर म्हणते, खरेदीखताच्या मागे धावण्यात जे महिने घालवणार आहेस ते वाडीत घालव.

त्या रानाच्या गटाचा सातबारा, आठ-अचा खातेउतारा आणि जुने फेरफार काढून मला पाठव, मी वाचून खुणा करून देते. शिमग्याला मी येते. माझी सोय तुझ्या खोलीवर नको, त्या मागून बोललेल्या माणसाच्या घरी होते का विचार. तूच जाऊन विचार.