खारघरच्या कांदळवनाजवळ पहाटे दिसलेला प्राणी कोल्हा की भटका कुत्रा?

दिसलेल्या प्राण्याचं शेपूट झुपकेदार, खाली लोंबणारं आणि टोकाला काळं असेल, तर तो बहुधा कोल्हाच. गावठी कुत्र्याचं शेपूट बहुधा वर वळलेलं असतं. पक्की खात्री पायाच्या ठशावरून करा. कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात, कुत्र्याच्या सुट्या. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट, साधारण ५ सेंमी लांब. भरतीचं पाणी ओसरल्यावर घट्ट चिखलात बघा. पातळ चिखलात बोटं फाकतात आणि नेमका तो जोडच दिसत नाही. एक मात्र आहे: खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस झडून शेपूट दोरीसारखं बारीक होतं, बिचारा कुत्र्यासारखाच दिसतो, तेव्हा नुसत्या शेपटावर जाऊ नका.