टाळूचे ठिगळ हिरडीला कशासाठी?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेले कृत्रिम मूळ) बसवले. आता तिथे ब्रश लागला की झोंबते. तोंडातल्या टाळूची त्वचा काढून हिरडीला लावावी, असे दंतवैद्य सुचवतात. हे खरेच गरजेचे आहे का?

उत्तर : आरशासमोर गाल बाजूला ओढून पाहा. दातांलगतची हिरडी फिकट गुलाबी, घट्ट आणि हाडाला चिकटलेली दिसेल. तिच्याखालचे लालसर अस्तर मात्र गालाबरोबर हलते. इम्प्लांटभोवती घट्ट हिरडीची पट्टी सुमारे २ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर ब्रश टोचतो, माणूस ती जागा टाळू लागतो आणि तिथे साचलेल्या किटणाने सूज येते. आपली तक्रार याच प्रकारची वाटते.

अशा वेळी टाळूवरून त्वचेसह पातळ चकती काढून ती इम्प्लांटलगत टाक्यांनी पक्की बसवतात. ठिगळ हा शब्द कानाला बरा वाटत नसला, तरी काम तेच. रंगही थोडा वेगळा राहतो, पण दाढेपाशी तो कोण पाहणार? पुढच्या दातांत, जिथे हिरडी जाड करून रूप सुधारायचे असते, तिथे टाळूच्या त्वचेखालची संयोजी ऊती, म्हणजे आधार देणारा तंतुमय थर, काढून हिरडीच्या आत सरकवतात. डुकराच्या कोलेजन या प्रथिनापासून बनवलेले पटलही मिळते, त्यामुळे टाळूला जखम होत नाही. मात्र घट्ट हिरडीची रुंदी वाढवण्यात स्वतःची ऊती सहसा सरस ठरते.

टाळूची जखम साधारण २ ते ४ आठवड्यांत भरते. तंबाखू किंवा धूम्रपान असेल, तर ते आधी थांबवावे, कारण ठिगळाला रक्तपुरवठा मिळण्यात त्याने अडथळा येतो.