थंडीत सायकल घरात की रस्त्यावर?

प्रश्न : परभणीत पहाटे फार गारठा, म्हणून मागचं चाक रोलरवर टेकवायचा ट्रेनर घेतला. टायर घसरतो, रबराचा भुगा पडतो. थंडीभर घरातच चालवावी का?

उत्तर : रोलर सैल असला की चाक घसरतं आणि भुगा पडतो. आधी टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरा. रोलर टेकल्यावर नॉब दीड-दोन फेरे आवळा. चाकाला हातानं झटका दिल्यावर घसरलं नाही की पुरे. जास्त आवळलं तर टायर तापून झिजतो. खडबडीत नक्षीचा टायर तर नुसता घरघरतो, गुळगुळीत घाला. समोर पंखा हवाच. हँडलवर टॉवेल टाका, घामानं बोल्ट गंजतात. घरात उतार नाही, पायांना उसंत नाही. ४५ मिनिटं भरपूर.

पण थंडीभर घरात कशाला? आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो! साडेसातनंतर निघा. अंधारात गारठ्यापेक्षा मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या जास्त घातक. हातमोजे आणि अंगावर विंडचीटर पुरे. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब ठेवा. ती घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही पंक्चर होते.