आधी स्टुडिओतला सोलो, मग स्टेजवरचा

अरे, ‘लाइव्ह भारी की स्टुडिओ’ हा वाद चहाच्या टपरीवर ठीक आहे. तुला गिटार वाजवायला शिकायचंय ना? मग एकच गाणं घे आणि त्यातला सोलो, म्हणजे गिटार एकटी पुढे येऊन वाजते तो तुकडा, स्टुडिओतला आणि स्टेजवरचा लागोपाठ ऐक. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘कम्फर्टेबली नंब’ घे, त्यातला शेवटचा सोलो.

१९७९ च्या ‘द वॉल’ या स्टुडिओ अल्बमवरचा तो सोलो एका दमात वाजवलेला नाही. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरने तो पाच-सहा वेळा वाजवला आणि त्यातले चांगले तुकडे निवडून जोडले. त्यामुळे एखादी उडी बोटांना जमेना तर लगेच स्वतःला दोष देऊ नकोस, तिथे कदाचित दोन वेगवेगळ्या वेळी वाजवलेल्या तुकड्यांचा सांधा असेल. शेवटी आवाज विरत जातो, म्हणजे सोलो तसा संपतच नाही.

आता १९९४ चा, लंडनमधला, ‘पल्स’ या लाइव्ह अल्बमवरचा ऐक. इथे आवाज विरवून सुटका नाही, शेवट वाजवूनच करायचा. बी मायनरमधल्या कॉर्ड्सचं तेच चक्र फिरत राहतं आणि त्यावर गिल्मर कितीतरी जास्त वेळ खेळतो. ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेव, नाहीतर जो मोठा तोच भारी वाटतो.

बसवायला मात्र स्टुडिओतलाच घे. मी उलटं केलं होतं. लाइव्हचा टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद) पाठ केला, बोटं पळायला लागली, पण तार खेचली की सूर पाव पट्टी खालीच राहायचा. शेजारच्या काकूंनीही ते ओळखलं! तेव्हा पहिली ओळ आधी गुणगुणून बघ, गिटारला नंतर हात लाव.