चित्रकार रझा साठ वर्षं फ्रान्सात राहिले, तरी त्यांच्या चित्रात इकडचं जंगल अन् इकडचा काळा रंग कसा टिकला? खेड्यात राहून ऑईल पेंटिंग शिकणाऱ्याने त्यातून काय घ्यावं?

तुमचा प्रश्न वाचला अन् लगेच लिहायला बसलो, कारण रझा माझ्या रोजच्या कामात असतात. मी अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वेकडच्या एका खेड्यात राहतो, थोडं वावर आहे, शाळेत ड्रॉइंग शिकवतो अन् वीसेक वर्षं झाली ऑईलमध्येच काम करतो.

लोक त्यांना पॅरिसचे म्हणतात, पण सय्यद हैदर रझांचं पहिलं आर्ट स्कूल आपल्या नागपूरचं, १९३९ ते ४३. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, वडील जंगल खात्यात रेंजर. तेव्हा मंडला काय अन् वर्धा काय, सगळं एकाच मध्य प्रांतात अन् राजधानी नागपूर, म्हणजे शिकायला पोरगं नागपूरलाच येणार ना. मग मुंबईला जे.जे. आर्ट स्कूल. १९४७ ला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वाटेच्या चित्रकारांचा गट निघाला त्यात हे होते, अन् त्याच ग्रुपातले एच. ए. गाडे तर आमच्या तळेगाव दशासरचे! तळेगाव म्हटलं की लोकांना शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आठवतो, गाडे कोणाला माहीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. १९४८ मध्ये काश्मिरात त्यांना कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर भेटला, त्याने चित्रं पाहून सांगितलं की हात चांगला आहे पण चित्राला बांधणी नाही, सेझान या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघा. १९५० ला स्कॉलरशिपवर पॅरिसला गेले ते ही बांधणी शिकायलाच. तिथे वॉटरकलरवरून ऑईलवर आले, फ्रान्सची खेडी, चर्च, घरांची छपरं रंगवली, १९५६ ला तिथल्या समीक्षकांचं मोठं बक्षीस मिळालं, फ्रेंच नसलेल्या माणसाला पहिल्यांदाच. म्हणजे नाव झालं होतं, थांबले असते तरी चाललं असतं. पण समाधान नव्हतं. सत्तरच्या दशकात वारंवार भारतात येत राहिले, अजिंठा-वेरूळ, राजस्थान हिंडले, अन् मग चित्रांत तो काळा बिंदू, म्हणजे मोठा काळा गोल, आला. त्याची गोष्ट लहानपणची आहे, लक्ष लागत नव्हतं म्हणून गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढून दिला अन् म्हणाले याच्याकडेच पाहत बस. माझ्या मते टिकलं ते असं, की काय पाहायचं ते घरून नेलेलं होतं अन् कसं उभं करायचं ते परदेशात मिळालं, अन् ही दोन्ही जुळायला वीस-पंचवीस वर्षं लागली. घाई केली नाही त्यांनी.

काळा रंग ते सगळ्या रंगांची आई मानायचे. हे मला पुस्तकातून नाही, वावरातून कळलं. सुरुवातीला मी नांगरलेलं वावर रंगवताना ट्यूबमधला काळा सरळ लावायचो, तर कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसायचं. एकदा मे महिन्यात धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, ढेकूळ उचलून घरी आणलं, खिडकीत ठेवलं, अर्ध्यावर पाणी टाकलं. कोरडी बाजू राखाडी-तपकिरी, भेगेत जांभळट, ओली बाजू निळसर काळी. तेव्हापासून बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी अन् अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळूनच काळा करतो, जिथे माती सुकलेली तिथे अंबर जास्त. काळ्याची ट्यूब उघडतच नाही.

अन् ऑईल म्हणजे विलायती सामान, आपल्या खेड्यात त्याचं काय, असं वाटत असेल तर ऐका. हे रंग ज्यात मिसळलेले असतात ते लिनसीड ऑईल म्हणजे आपल्या जवसाचं तेल! निळ्या फुलांचं, ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो तेच. पांढऱ्या रंगांत बरेचदा करडईचं तेल वापरतात, कारण ते कमी पिवळं पडतं. फक्त घाण्यावरचं जवसाचं तेल तसंच वापरू नका बाप्पा. मी वापरलं होतं, त्यात चिकट गाळ असतो तो काढावा लागतो, माझं चित्र दोन महिने चिकटच राहिलं अन् सोयाबीनच्या मळणीचा सगळा भुसा त्यावर बसला. हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात भराभर सुकतं अन् पावसाळ्यात रडवतं. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त, हा नियम मात्र मोडू नका, नाहीतर वरचा आधी सुकतो अन् भेगा पडतात.

बाहेर जायला मिळालं तर जरूर जा, माझी हरकत नाही, बांधणी शिकायला ओरिजिनल चित्रं समोरासमोर पाहावीच लागतात, मोबाईलवर थर दिसत नाहीत. पण जाईपर्यंत रोज एकच जागा रंगवा, एकच धुरा, एकच विहीर. रझा २०१० ला कायमचे परत आले, २०१६ ला गेले, अन् त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. नर्मदा तिथून जवळच आहे, मी एकदा गेलो होतो, येताना नदीकाठची मूठभर माती आणली, ती आमच्यापेक्षा बरीच फिकट आहे, अजून तिचा रंग मला नीट मिसळता आलेला नाही.