वाचकांचे प्रश्न : गोचीड चावू नये म्हणून

प्रश्न : आम्ही काही मित्र सुट्टीत डोंगरात भटकायला जातो. गेल्या वेळी घरी परतल्यावर एकाच्या कमरेला गोचीड चिकटलेला आढळला. गोचीड झाडावरून अंगावर पडतात असे ऐकले असल्याने सर्वांनी टोप्या घातल्या होत्या. मग हा आला कुठून?

उत्तर : टोपी उन्हासाठी जरूर घालावी, परंतु गोचिडाचा धोका डोक्यावरून नव्हे, पायांकडून येतो. गोचिडाला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. तो गवताच्या पात्याच्या किंवा खुरट्या झुडपाच्या टोकाकडे चढतो, मागच्या पायांनी पाते घट्ट धरतो आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट पाहत राहतो. त्या पुढच्या पायांवर एक सूक्ष्म ज्ञानेंद्रिय असते, ज्यामुळे जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या अंगाची ऊब त्याला जाणवते. आपली पोटरी किंवा पँटची कड त्या पात्याला घासून गेली, की तो तिला धरतो आणि वर चढू लागतो. तुमच्या मित्राच्या कमरेवरचा गोचीडही बहुधा पायावरूनच चढत गेला असावा आणि पट्ट्याशी अडून तिथेच रुतला असावा.

म्हणून बंदोबस्त खालून वर करावा. पायघोळ पँट घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत आणि शर्टही पँटमध्ये खोचावा. हे दिसायला बरे दिसत नाही, तरी त्यामुळे गोचिडाला कपड्यांच्या बाहेरूनच चढावे लागते आणि तो नजरेस पडण्याची शक्यता वाढते. कपडे फिकट रंगाचे असावेत, कारण अंड्यातून निघाल्यानंतरच्या दुसऱ्या अवस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढाच असतो आणि गडद कापडावर तो दिसत नाही. चालताना पायवाटेच्या मधून चालावे आणि विसाव्यासाठी पालापाचोळ्यावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर बसणे टाळावे.

प्रश्न : अंगाला लावायची आणि कपड्यांवर फवारायची अशी दोन्ही प्रकारची औषधे मिळतात. कोणते घ्यावे? आमच्यासोबत अडीच वर्षांची मुलगी असते.

उत्तर : दोन्हींची कामे वेगळी आहेत. कपडे, बूट आणि तंबू यांसाठी ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचे औषध वापरतात. ते मोकळ्या हवेत फवारून, कपडे पूर्ण वाळल्यावरच घालावेत. कापडावर बसलेला त्याचा अंश काही धुण्यांपर्यंत टिकतो. हे औषध त्वचेवर कधीही लावू नये. त्वचेसाठी डीट किंवा पिकारिडिन असलेली औषधे आहेत. लहान मुलांसाठी डीटचे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाला ते लावूच नये. लेमन युकॅलिप्टस तेलाचे औषध तीन वर्षांखालील मुलांना वर्ज्य असल्याने तुमच्या मुलीसाठी ते घेऊ नये. औषध मोठ्या माणसाने आधी स्वतःच्या तळहातावर घ्यावे आणि मग मुलीला लावावे. तिच्या हातांना मात्र लावू नये, कारण हात तोंडात आणि डोळ्यांत जातात. सनस्क्रीन लावायचे असल्यास ते आधी आणि हे नंतर. घरी मिसळलेल्या सुगंधी तेलांवर विसंबू नये.

प्रश्न : एवढे सगळे केल्यावर घरी येऊन पुन्हा अंग तपासण्याची गरज उरते का?

उत्तर : उरते, आणि माझ्या मते सगळ्या उपायांत हाच सर्वांत मोलाचा आहे. अंगावर चढलेला गोचीड लगेच चावतोच असे नाही. जागा शोधण्यात त्याचा बराच वेळ जातो, आणि चावल्यानंतरही काही रोगांचे जंतू आपल्या शरीरात उतरायला अवधी लागतो. उदाहरणार्थ, लाइम या गोचिडांमुळे होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचा संसर्ग होण्यासाठी गोचीड साधारणपणे २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावा लागतो. म्हणजे त्याच दिवशी केलेली तपासणी चावा टाळू शकते आणि चावा टळला नाही, तरी या रोगाचा धोका बराच कमी करते.

बाहेरून आल्यावर शक्यतो दोन तासांच्या आत अंघोळ करावी. त्या वेळी काखा, कानांच्या मागे व आत, केसांची मुळे, बेंबी, कंबर, जांघा आणि गुडघ्यांची मागची बाजू बोटांनी चाचपून पाहावी. गोचिडाच्या लाळेतील घटकांमुळे चावा दुखत नाही, म्हणून काही टोचले नाही याचा अर्थ काही चावले नाही असा घेऊ नये. पाठ आणि डोके दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. कपड्यांचेही तसेच आहे. थंड पाण्याने धुतल्यास गोचीड जिवंत राहू शकतात. कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर १० मिनिटे फिरवल्यास ते मरतात. ड्रायर नसल्यास कापडाला सोसेल तर ५४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात कपडे धुवावेत.

प्रश्न : चिकटलेल्या गोचिडावर आमच्याकडे रॉकेल टाकतात किंवा जळती काडी लावतात. हे योग्य आहे का? आणि त्याचे तोंड आत राहिले तर काय करावे?

उत्तर : कृपया यांपैकी काहीही करू नका. रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश किंवा चटका यांनी डिवचलेला गोचीड आपल्या शरीरातील द्रव जखमेत सोडण्याची भीती असते, आणि तो आपणहून सुटेल म्हणून वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. गोचिडाचे फुगलेले पोट न दाबता, त्वचेला अगदी लागून, तोंडाच्या भागाशी त्याला पकडावे आणि न पिळता, न हिसका देता, सरळ वर सावकाश व एकसारखे ओढावे. त्वचा थोडी वर उचलली जाते आणि मग पकड सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि तो सहज निघत नसेल, तर कोरू नये. त्वचा भरून येताना तो आपोआप बाहेर पडतो. जागा आणि हात साबणाने किंवा अल्कोहोलने स्वच्छ करावेत. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नये. तो बंद डबीत ठेवावा आणि चावल्याची तारीख लिहून ठेवावी.

प्रश्न : डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उत्तर : पहिल्या एक-दोन दिवसांत चाव्याच्या जागी उठणारी छोटी लाली ही बहुधा केवळ चाव्याची प्रतिक्रिया असते. मात्र त्यानंतर महिनाभर लक्ष ठेवावे. लाइम रोगातील चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो आणि दिवसागणिक पसरत जातो. त्यात नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळे दिसतातच असे नाही. ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी किंवा असा चट्टा दिसल्यास डॉक्टरांकडे जावे आणि गोचीड चावल्याचे न विचारताही सांगावे, कारण ही एक माहिती नसेल तर साधा ताप समजून उपचार होण्याचा धोका असतो. गोचिडांमुळे होणाऱ्या काही तापांत औषध लवकर सुरू होणे जिवावरचे संकट टाळणारे ठरते, म्हणून अंगावर पुरळ उठण्याची वाट पाहू नये. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शिवाय प्रदेशागणिक रोग बदलतात. युरोप व आशियाच्या काही भागांत गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस उपलब्ध आहे, तर १९५७ साली कर्नाटकात प्रथम आढळलेल्या क्यासनूर फॉरेस्ट डिसीज अर्थात माकडतापाचा विषाणूही गोचिडांवाटेच माणसापर्यंत पोहोचतो. जिथे जायचे तिथे कोणता रोग आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

प्रश्न : आमचा कुत्राही सोबत असतो. त्याची काय काळजी घ्यावी?

उत्तर : घरात शिरण्यापूर्वीच त्याचे कान, पापण्या, पट्ट्याखालची मान, पायांची बोटे आणि शेपटीचे मूळ तपासावे, कारण त्याच्या केसांतून आलेला गोचीड घरात माणसालाही चावू शकतो. त्याच्यासाठीचे औषध पशुवैद्यांना विचारूनच निवडावे. घरात मांजर असल्यास तसे त्यांना आवर्जून सांगावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते.