रिफाम्पिसिन वाट अडवते ती कुठे?

प्रश्न : वडिलांना टीबीच्या गोळ्या सुरू आहेत. त्यांतले रिफाम्पिसिन जंतूंचे आरएनए बनणे थांबवते, असे वाचले. आरएनए तर आपल्याही पेशींत बनते, मग ते का थांबत नाही? शिवाय लघवी केशरी होते, त्याचे काय?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : जनुकाची आरएनए प्रत काढते ते आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम. जंतूमध्ये त्याला सिग्मा हे प्रथिन जोडलेले असते. जनुक कुठे सुरू होतो ते सिग्मा हेरते आणि तिथे डीएनएचे दोन धागे 12 ते 14 जोड्यांपुरते सुटे होतात. मग एका धाग्यासमोर जुळणारी अक्षरे, म्हणजे आरएनएचे घटक, एकेक बसत जातात, ए समोर यू, जी समोर सी. तयार झालेले आरएनए अरुंद वाटेने बाहेर सरकते.

रिफाम्पिसिन बसते ते या वाटेतल्या एका खाचेत. अक्षरे जोडण्याची जागा मोकळीच राहते, म्हणून पहिली दोन-तीन अक्षरे जोडली जातात. पुढे टोक औषधाला थडकते आणि तुकडा गळून पडतो. गुऱ्हाळात चरकात ऊस शिरतोय, पण चिपाड निघायच्या तोंडाशीच दगड, तसे. ज्याचे आरएनए आधीच पुढे गेले आहे, ते पॉलिमरेज मात्र हातातली प्रत पुरी करते. अडते ती नवी सुरुवात.

आपल्या पॉलिमरेजमध्ये ही खाच वेगळ्या घडणीची आहे, तिथे औषध धरत नाही. उलट आपल्या यकृतात ते पीएक्सआर या प्रथिनाला चिकटून सीवायपी3ए4 या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती वाढवते! हे एन्झाइम इतर औषधे भराभर संपवते. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळ्या यांचा असर त्यामुळे कमी होतो. वडील आणखी जे काही घेत असतील, ते सगळे डॉक्टरांना दाखवाच.

जंतूच्या पॉलिमरेजचा हा भाग घडवणाऱ्या आरपीओबी जनुकातल्या 81 अक्षरांच्या पट्ट्यात काही ठिकाणी एकच अक्षर बदलले, तरी खाच बिघडते आणि औषध बसेनासे होते. सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणी हाच पट्टा तपासते. गोळ्या मध्येच सोडल्या की असे बदललेले जंतू मागे उरून वाढतात, म्हणून बरे वाटले तरी एकही खाडा नको.

गोळी उपाशीपोटी घ्यावी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. अन्नासोबत ती कमी शोषली जाते. केशरी रंग औषधाचाच, घाम आणि अश्रूंतही उतरतो, घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, भूक मेली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर यकृताची तपासणी त्याच दिवशी करा.